बी.एस्सी. आणि एलएल.बी.च्या मधले दोन महिने नाग नदीच्या प्रकल्पाला द्यावेत का?

नमस्कार. मी नागपूरची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा दिली, तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटीही झाली. पर्यावरणाच्या कायद्यात काम करायचं हे माझं पक्कं आहे. वर्ग सुरू होईपर्यंत काय करावं यावरून मात्र घरात दोन मतं आहेत.

आमच्या कॉलेजच्या मॅडमनी दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विचारलंय. अंबाझरी तलावापासून शहराबाहेर पडेपर्यंत नाग नदीचं पाणी ठरलेल्या ठिकाणी घ्यायचं, एकदा पावसाआधी आणि एकदा पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. मग विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी (घाणीचं रसायनाने विघटन करायला लागणारा ऑक्सिजन) काढून तुलना करायची. मानधन नाही. ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

बाबा म्हणतात, "वकिली कोर्टात शिकतात, नाल्यावर नाही. त्यातून तुला भेटणार काय?" त्यांचे एक मित्र जिल्हा न्यायालयात वकील आहेत, त्यांच्याकडे आत्तापासूनच बसावं असं त्यांना वाटतं. त्यांची काळजी मला समजते. घरात कोणीच वकील नाही, ओळखीशिवाय पुढे कसं होईल ही धास्ती त्यांना आहे.

माझा ओढा नदीकडे आहे, त्याचं कारण सांगते. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याचं कलम २१ वाचलं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे अख्खा खटला एका बाटलीवर अडू शकतो! ती बाटली भरताना काय काय बिघडतं हे मला स्वतःच्या हाताने कळायला हवं असं फार वाटतं. पण दोन महिन्यांत खरंच काही हाती लागतं का? आणि पुढे लॉ कॉलेजात किंवा इंटर्नशिपला अर्ज करताना हे कोणी विचारात घेतं का? जाणकारांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद

मीही विज्ञानाकडून वकिलीत आले. माझं मत: घे.

दोन महिन्यांत शोध लागत नाही, पण तुमच्या मॅडमनी काम नेमकं बेतलंय. पहिल्या पावसात गटारांत साचलेली घाण एकदम नदीत उतरते. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की छोटा का होईना, पुरा अभ्यास होतो. नुसत्या बाटल्या धुवायला लावणार असतील तर नको. म्हणून आधीच विचार: नोंदवही माझी असेल का, अहवाल मी लिहीन का, त्यावर माझं नाव येईल का. नंतर इंटर्नशिपच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा त्या नोंदवहीवरच बोलता येतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादात न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतात, तिथे आकडे समजणारा वकील लागतोच.

बाबांना एवढं सांग की मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा तिथे बसून फारसं काही दिसणार नाही. त्या काकांकडे जून-जुलैत मोकळ्या दिवशी जाच, ते सोडू नकोस. मात्र बीओडीच्या बाटल्या २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. शुक्रवारी लावल्या तर सोमवारी तू प्रयोगशाळेत हवीस. कॅपच्या (सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या आणि कागदपत्रांच्या तारखाही मॅडमना आजच सांगून ठेव.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. सुट्टीचा मुद्दा बाबांना पटला. नोंदवहीचं उद्याच विचारते. एकच राहिलं: पाऊस लांबला आणि दुसऱ्या फेरीआधीच माझे वर्ग सुरू झाले, तर नुसत्या पावसाआधीच्या आकड्यांवर अहवाल लिहिता येईल का, की ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावं?