विकिपीडियावरचे लेख खरंच सुधारतायत का, हे मोजायचं कसं?

घाटवाट:
मराठी विकिपीडियावर आम्ही काही जण मिळून सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे लेख वाढवतोय. आधी बरेचसे दोन-तीन ओळींचे होते, आता भरलेत, पण काम पुढं सरकतंय हे दाखवायला हाताशी फक्त संपादनांची संख्या आणि वाढलेल्या बाइट्स आहेत आणि त्यावर माझा अजिबात भरवसा नाही, कोणी ब्लॉगवरून उचलून चार परिच्छेद डकवले तरी आकडा वाढतोच ना. तुम्ही काय मोजता?

शाईदौत:
बाइट्स सोडाच. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, नुसता 'किल्ला' १८ बाइटचा होतो, त्यामुळे इंग्रजी लेखाशी तुलना तर करूच नका. संपादनांत सांगकाम्यांचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बॉट्सचे, बदलही येतात. डेप्थ म्हणून जे माप सांगतात तेही संपादनं आणि लेखांबाहेरची पानं यांवरच बेतलंय, आत काय लिहिलंय ते त्यातून कळत नाही.

रानवाटा:
@घाटवाट आधी लेखांची यादी ठरवा आणि मधेच बदलू नका, नाहीतर सोपे लेख आत येत राहतात आणि प्रगती फुगते. मग प्रत्येक लेखाच्या आजच्या आवृत्तीचा शाश्वत दुवा (लेख पुढं बदलला तरी तीच आवृत्ती दाखवणारा) जपून ठेवा. काही महिन्यांनी, ज्यानं त्या लेखाला हात लावलेला नाही अशा माणसाला जुनी-नवी दोन्ही वाचायला द्या. समजा साल्हेरच्या लेखात उंची १५६७ मीटर, १६७२ची लढाई असं सगळं आहे, तर त्यातल्या किती विधानांना संदर्भ आहे आणि तो उघडल्यावर तीच माहिती सापडते का, एवढं जरी बघितलं तरी पुष्कळ कळतं. नुसते संदर्भ मोजू नका, एकाच वेबसाइटचे दहा दुवे दिलेले असतात. इंग्रजी विकिपीडियावरही स्टब, स्टार्ट असे खालचे दर्जे कोणीही देतं, पण 'गुड आर्टिकल' या वरच्या दर्जासाठी लेखात फारसं काम न केलेलाच संपादक तपासतो.

घाटवाट:
हे पटलं, यादी आजच करतो. पेजव्ह्यूज धरावेत का?

शाईदौत:
प्रगती म्हणून नको, जूनमध्ये वाचक वाढले तर ते तुमच्या लिखाणामुळे की पावसाळी ट्रेकमुळे हे कसं ठरवणार. पण जुलै २०१५ पासूनचे आकडे मिळतात, त्यावरून सगळ्यात जास्त वाचले जाणारे लेख काढा आणि तपासायला तेच आधी घ्या.