मदत हवी आहे: ‘वॉचमेन’चा बदललेला शेवट तुम्हाला पटतो का? (शेवट उघड केलाय)

झॅक स्नायडरच्या ‘वॉचमेन’ (2009) या सुपरहिरोंवरच्या चित्रपटावर लिहितेय. तो ज्यावर बेतलाय ते ॲलन मूर-डेव्ह गिबन्सचं 12 अंकी कॉमिक दोनदा वाचलंय, चित्रपटाची 162 आणि 186 मिनिटांची रूपं पाहिलीत. सुरुवातीची श्रेयनामावली आणि जॅकी अर्ल हेलीने साकारलेला मुखवटाधारी रोरशाक अप्रतिम! पण हाडं मोडताना येणाऱ्या स्लो मोशनमुळे सुपरहिरो म्हणवणारी ही थकलेली माणसं रुबाबदार वाटायला लागतात, तिथे कॉमिकचा जीवच जातो.

अडलंय शेवटापाशी. कॉमिकमध्ये न्यूयॉर्कमध्ये अवाढव्य परका प्राणी अवतरतो. चित्रपटात जगभरच्या स्फोटांचं खापर अतिमानवी शक्ती असलेल्या डॉक्टर मॅनहॅटनवर फुटतं. दोन्हीकडे बेत एकच: समान शत्रूच्या भीतीने अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने युद्ध टाळून एकत्र यावं. कथा घट्ट होते, मान्य. पण तो तर अमेरिकेचंच अस्त्र. मग सोव्हिएत रशिया अमेरिकेशी हातमिळवणी का करेल? 215 मिनिटांचं रूप मी पाहिलेलं नाही. त्यात किंवा इतर कुठल्या प्रसंगात याचं उत्तर मिळतं का?