सुया, लोकर आणि प्रकाश : रोजच्या दोन छंदांचे अनुभव

विणकाम आणि निसर्गाचे प्रकाशचित्रण हे दोन छंद एकत्र का घेतले, असा प्रश्न काही जणांना पडेल. दोन्ही छंद रोजच्या दिवसात सामावतात, पण सामावण्याची त्यांची रीत अगदी उलट आहे. विणकाम आपल्या सवडीने चालते. ओळ पूर्ण करून सुया खाली ठेवल्या आणि दुसऱ्या कामाला लागलो, तरी टाके आहेत तेथेच थांबतात. प्रकाश मात्र कोणासाठी खोळंबत नाही, आणि ज्याला डोंगर, पाणी, आभाळ टिपायचे आहे त्याला आपला दिवसच त्याच्या वेळेशी जुळवून घ्यावा लागतो. यांपैकी एक किंवा दोन्ही छंद जे नेमाने जोपासतात त्यांनी आपले अनुभव लिहावेत. विनंती एवढीच की ‘मन रमते’, ‘ताण हलका होतो’ यावर थांबू नये, कारण ते कोणत्याही छंदाविषयी म्हणता येते. नेमके कशात रमते, कोणत्या विणीला हात आपोआप वेग घेतो, कोणत्या प्रकाशासाठी अंथरूण सोडावेसे वाटते, हे आले तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागेल. स्पर्धा आणि पारितोषिके यांचा उल्लेख नसला तरी चालेल. किंबहुना नसलेलाच बरा.

*

मी बहुतेक वेळा मोजेच विणते. स्वेटर वाढत गेला की मांडीवर मावत नाही, मोजा मात्र लहानशा पिशवीत बसतो आणि कोठेही काढता येतो. घोट्यापर्यंतचा भाग म्हणजे सरळ नळी असते. बारीक लोकरीचे ६४ टाके गोल सुईवर घातले की पुढे डोक्याला काही काम उरत नाही, आणि रांगेत उभे असताना किंवा फोनवर बोलताना हात चालू राहतो. खरी मजा टाचेला येते. तेथे निम्मे, म्हणजे ३२ टाके वेगळे घेऊन त्यांची एक चौकोनी पट्टी विणायची आणि मग ती वळवायची. १८ टाके सुलट, पुढचे दोन एकत्र, आणखी एक सुलट, आणि ओळ अर्धवट सोडून काम फिरवायचे. परत येताना पहिला टाका न विणता उचलायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, की पुन्हा फिरवायचे. जेथून फिरलो तेथे एक बारीक फट दिसते. पुढच्या खेपेला त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणला की ती बुजते आणि आपण एक टाका पुढे सरकतो. दोन्ही कडांचे टाके संपतात तेव्हा ३२ चे १८ राहिलेले असतात आणि सपाट पट्टीला मधोमध टाचेचा गोलवा आलेला असतो.

या सूचना नुसत्या वाचून पटत नाहीत. अर्ध्यातून परत फिरून वळण कसे येईल, असे प्रत्येकाला वाटते, म्हणून मी शिकवताना सांगते की आता शंका बाजूला ठेवा आणि कागदावर लिहिले आहे तसे विणत चला. टाच वळल्यावर शिकणाऱ्याचा चेहरा पाहणे हा माझ्या छंदाचाच एक भाग झाला आहे. माझे प्रांजळ मत असे की ज्यांना विणकाम कंटाळवाणे वाटते, त्यांची सुरुवात बहुधा मफलरने झालेली असते.

*

मफलरविषयीच्या मताशी मी सहमत नाही. मी वर्षानुवर्षे सगळ्या ओळी सुलट एवढेच विणत आले आहे आणि मला दुसरे काही नको आहे. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली की कापडाच्या कडा गुंडाळू लागतात, कारण सगळे सुलट टाके एका बाजूला आणि सगळे उलट टाके दुसऱ्या बाजूला येऊन ताण विषम होतो. प्रत्येक ओळ सुलट विणली तर दोन्ही बाजू सारख्या होतात आणि पट्टी सपाट राहते. शिवाय ही वीण न पाहता विणता येते. मी विणताना पुस्तक वाचते, पाने क्लिप लावून उघडी ठेवते, आणि पान उलटण्यासाठी ओळ संपण्याची वाट पाहते. नक्षी विणणाऱ्यांना टाके मोजावे लागतात. मला लागत नाहीत.

*

माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही. घराच्या वरच्या मजल्यावरील एका खिडकीतून दूरच्या टेकड्यांच्या तीन रांगा दिसतात आणि मी फोनने त्यांचीच प्रकाशचित्रे काढतो. आज उपलब्ध असलेले निसर्गातील सर्वांत जुने प्रकाशचित्रही खिडकीतूनच घेतलेले आहे, हे कळले तेव्हा मला उगाचच आपल्या बाजूने कोणी साक्ष दिल्यासारखे वाटले. प्रकाशचित्रणाचे आद्य संशोधक निसेफोर निएप्स यांनी फ्रान्समधील आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून १८२६ किंवा १८२७ साली ते घेतले. त्यासाठी प्रकाश इतके तास आत घ्यावा लागला की तेवढ्यात सूर्य आभाळ ओलांडून गेला आणि समोरासमोरच्या भिंतींवर एकाच चित्रात ऊन पडलेले दिसते.

माझ्या कामाला अर्थातच सेकंदाचा अंश पुरतो. चौकट कायम एकच असल्यामुळे बदलते काय, तेवढेच पाहणे उरते, आणि बदलते ती मुख्यतः हवा. हवेतील कण प्रकाश विखुरतात, म्हणून मागची रांग पुढच्यापेक्षा नेहमी फिकट आणि निळसर दिसते. पण पाऊस पडून गेला की तिन्ही रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या जवळ येतात, त्यांच्यातील अंतर नाहीसे होते आणि चित्र सपाट होते. थोडे धुके असेल तर त्याच तीन रांगांच्या कधी पाच होतात, कारण एरवी न दिसणारी मधली चढणही वेगळी उमटते. त्यामुळे ‘स्वच्छ हवा म्हणजे चांगले चित्र’ हा समज मी केव्हाच सोडून दिला आहे.

फोनवर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. फोनचा मुख्य लेन्स रुंद कोनाचा असल्यामुळे दूरचे डोंगर ठेंगणे दिसतात आणि डोळ्यांना जे भव्य वाटले ते चित्रात उतरत नाही. दुप्पट किंवा तिप्पट वाढवणारा स्वतंत्र लेन्स असेल तर तो वापरावा. दुसरे म्हणजे आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, थोडे खाली ओढावे. जमीन काळवंडली तर नंतर उजळता येते, पण पांढरे फटक झालेले ढग परत आणता येत नाहीत. लेन्स पुसून घ्यावा, हे सांगण्याची गरज नाही असे वाटते आणि तरी ती असते.

*

चंद्राविषयी लिहिते. डोंगराआडून वर येणारा पूर्ण चंद्र पाहून अनेकांनी फोन काढलेला असतो आणि चित्रात एक पांढरा ठिपका पाहून तो परत ठेवलेलाही असतो. याची कारणे दोन आहेत. चंद्र आकाशात केवळ अर्धा अंश जागा व्यापतो. क्षितिजापाशी तो मोठा भासतो तो मेंदूचा खेळ आहे, लेन्स त्याला फसत नाही. दूरचे जवळ आणणारा २०० मिमीचा लेन्स लावला तरी ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) चंद्र जेमतेम २ मिमीचा पडतो. दुसरे कारण प्रकाशाचे आहे. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक आहे, त्यामुळे माथ्यावर आलेल्या पूर्ण चंद्राला जवळजवळ दिवसासारखेच एक्स्पोजर लागते, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० असताना एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा मोठा तसे छिद्र लहान) आणि एक शतांश सेकंद. त्याच आकड्यांवर रात्रीची जमीन काळीठिक्कर येते.

यावरचा उपाय पंचांगात आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रोज साधारण पन्नास मिनिटे उशीर करतो. म्हणजे आदल्या दिवशी तो सूर्य मावळण्यापूर्वीच वर आलेला असतो. त्या संध्याकाळी जमिनीवर अजून उजेड असतो, चंद्रावरही असतो, आणि दोन्ही एकाच चित्रात तपशिलासह येण्याची थोडी मिनिटे मिळतात. मी पौर्णिमेपेक्षा तिच्या आदल्या दिवसाची वाट पाहते, आणि घरचे त्या दिवशी संध्याकाळी मला कोणतेही काम सांगत नाहीत.

अमेरिकन प्रकाशचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे प्रसिद्ध चित्र घेतले, तेव्हा मावळतीचे ऊन खालच्या दफनभूमीतील क्रूसांवरून सरकत होते आणि त्यांना प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राच्या तेजस्वितेचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, त्यावरून त्यांनी हिशेब केला. दुसरे चित्र घेण्याची तयारी होईपर्यंत क्रूसांवरील ऊन गेले होते. घटकाभरच्या प्रकाशासाठी आकडे आधीच डोक्यात असावे लागतात, हे मला त्या प्रसंगावरून फार पटते. अंधारात बटणे चाचपडत बसले की आदला दिवस वाया जातो आणि पुढची संधी महिन्यानेच येते.

*

त्याच ॲडम्स यांनी प्रकाशचित्रकार फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या आसपास मांडलेली ‘झोन’ पद्धत मी कृष्णधवल प्रकाशचित्रांसाठी शिकलो आणि तिचा सर्वाधिक उपयोग मला विणकामात झाला, असे सांगितले तर हसू येईल. या पद्धतीत निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्या मानतात आणि दृश्यातील प्रत्येक भाग कोणत्या पायरीवर बसवायचा हे आधी ठरवतात. दोन रंगांच्या विणीत अडचण नेमकी येथेच येते. लोकरीचा लाल आणि हिरवा गुंडा शेजारी ठेवले तर कोणीही म्हणेल की यापेक्षा ठळक जोडी नाही. पण दोन्ही सारखेच गडद असतील तर नक्षी विणल्यावर चार हातांवरून ती दिसतच नाही, नुसता एक मळकट पट्टा दिसतो. म्हणून मी सगळे गुंडे खिडकीपाशी ओळीने मांडतो आणि त्यांचे कृष्णधवल चित्र काढतो. त्यात जे दोन गुंडे एकाच करड्या छटेचे दिसतात ते एका ओळीत एकत्र घेत नाही, मग रंग कितीही आवडते असोत.

या विणीत न लागणारा धागा मागून ओढत न्यावा लागतो. सलग पाचपेक्षा अधिक टाके एकाच रंगाचे असतील तर मागचा धागा मध्ये एकदा अडकवून घ्यावा, नाहीतर बोटात गुंततो. आणि तो ताणून धरला तर कापड आक्रसते. सध्या माझ्या सुयांवर एक लांब पट्टी आहे जिच्यात रोज दुपारच्या आभाळाच्या रंगाची एक ओळ घालतो. निळा, करडा, पांढरा एवढ्यावर भागेल असे वाटले होते, पण करड्याच्याच इतक्या छटा लागल्या की आता दोन बारीक धागे एकत्र धरून मधल्या छटा तयार करतो.

*

मी दोन्ही छंद एकाच वेळी करते, म्हणजे ट्रायपॉड लावून ठेवते आणि प्रकाश येईपर्यंत शेजारी बसून विणते. सूर्योदयासाठी बरेच आधी पोहोचावे लागते, कारण सूर्य क्षितिजाखाली सहा ते चार अंशांवर असतानाचा निळा उजेड मला सोनेरी उन्हापेक्षा अधिक प्रिय आहे, आणि त्या वेळी दहा-वीस सेकंदांचे एक्स्पोजर चालू असताना हातांना काहीच काम नसते. ट्रायपॉडला हात लावायचा नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि एक ओळ विणून घ्यायची. अशा वेळी साधी वीणच न्यावी. नक्षी मोजत बसले की उजेड निसटतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवते. बोटांची टोके उघडी राहतील असे हातमोजे मी स्वतःच विणले आहेत. उजव्या अंगठ्याचे कापड मुद्दाम आखूड ठेवले आहे, कारण कॅमेऱ्याच्या मागची चकती अंगठ्याने फिरवावी लागते. घरी परतल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्यावा आणि खोलीच्या उष्णतेला आल्यावर काढावा, नाहीतर थंड काचेवर दव धरते.

एक सूचना मात्र कळकळीने करते. लोकर आणि लेन्स कधीही एका पिशवीत ठेवू नयेत. लेन्स बदलताना लोकरीचा एखादा केस सेन्सरवर बसला तर एफ/४ ला पत्ता लागत नाही. एफ/१६ ला मात्र आभाळाच्या मधोमध करड्या रंगाची एक बारीक वाकडी रेघ उमटते आणि त्या सकाळच्या प्रत्येक चित्रात ती त्याच जागी असते. मोहेरसारखी केसाळ लोकर तर मी बाहेर नेतच नाही.

*

वरचे सर्व अनुभव वाचले. माझ्या मनगटाला त्रास होऊ लागल्यावर मी धागा उजव्या हाताऐवजी डाव्या बोटावर धरायला शिकले. त्यात हात फेकावा लागत नाही, सुईच्या टोकाने धागा नुसता उचलायचा असतो, आणि पूर्वीपेक्षा अधिक वेळ विणता येते. सुरुवातीला टाके फार सैल पडतात, म्हणून सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्यावी आणि दहा सेंटिमीटरचा नमुना नव्याने विणून टाके मोजावेत. सुयांच्या जुन्या नंबरांच्या भरवशावर राहू नये. ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकन पद्धतीत ५ मिमी, तेव्हा मिलिमीटरच पाहावेत.

अडचण उरली आहे ती काळ्या लोकरीची. दिवसा खिडकीपाशी टाके दिसतात, पण मला विणायला सवड रात्रीच मिळते आणि दिव्याखाली सुटलेला टाका शोधता शोधता ओळ विसरते. मांडीवर पांढरे कापड अंथरून थोडा फरक पडला. कोणी काळ्या लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर रात्रीच्या उजेडात विणला असेल तर दिवा कोणत्या बाजूला ठेवला आणि मुंढ्याचे टाके कसे मोजले, ते सविस्तर लिहावे.