पहिली हलकी इलेक्ट्रिक माउंटन बाइक: गुडघा, जिना आणि तीन वाटा. सल्ला हवा आहे

दमसास:

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी साधी, बिनमोटरची माउंटन बाइक चालवते. वय ५२, वजन ६४ किलो. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्यातल्या कूर्चेची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले सायकल सोडू नका, पण दात-ओठ खाऊन पॅडल रेटायचं नाही, पाय हलके आणि भरभर फिरले पाहिजेत.

माझा नेहमीचा चढ ४ किलोमीटरचा आहे आणि त्यात ३१० मीटर उंची चढावी लागते. आधी मुरमाचा रुंद रस्ता, मग शेवटच्या दीड किलोमीटरला दगडगोटे, आणि एका वळणावर झाडाची मुळं पायऱ्यांसारखी उघडी पडलेली. पूर्वी ४२ मिनिटांत वर पोचायचे. आता मुळांच्या वळणावर उतरून सायकल ढकलावी लागते आणि ५५ मिनिटं जातात. वेळेचं मला काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की एका चढातच पाय संपतात. वरून खाली यायला तीन वाटा आहेत, तिन्ही डोळे मिटून सांगू शकेन अशा ओळखीच्या, पण आता एका सकाळी एकच पदरात पडते. तिसरी, ओढ्याकडची, तर शस्त्रक्रियेपासून केलेलीच नाही.

म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची ठरवली आहे. अडचण जिन्याची. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, ३६ पायऱ्या. खाली सायकल ठेवायला भरवशाची जागा नाही. आताची सायकल १३ किलोची, ती खांद्यावर टाकून नेते. मैत्रिणीची मोठ्या मोटरची सायकल ताणकाट्याला टांगून पाहिली तर २३.६ किलो भरली. उचलून पहिल्या वळणापर्यंत नेली आणि तिथेच टेकवली. तेव्हापासून हलक्या सायकलींचं वाचतेय. टीक्यू, फाझुआ, बॉशची एसएक्स ही हलक्या मोटरींची नावं कळली. पण ३६० किंवा ४०० वॉट-अवरच्या बॅटरीवर माझे तीन चढ होतील का? आणि ५०-६० न्यूटन-मीटर टॉर्कची, म्हणजे तेवढ्या पिळाच्या जोराची मोटर त्या मुळांवरून मला वर नेईल का? ज्यांनी खरोखर चालवली आहे त्यांनी सांगावं.

चढाचा हिशेब:

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं उत्तर देता येतंय.

तुम्ही ६४ किलो, अंगावरचं सामान ४, सायकल १९ धरली तर एकूण ८७ किलो. एवढं वजन ३१० मीटर वर न्यायला साधारण ७४ वॉट-अवर ऊर्जा लागते. कच्च्या वाटेवर टायर रुततात, घासतात, त्याचे आणखी १९-२० धरा. म्हणजे एका चढाला ९३. यातला निम्मा भार तुम्ही उचललात आणि निम्मा मोटरने, तर मोटरच्या वाट्याला ४६ आले. मोटर आणि तिची इलेक्ट्रॉनिक्स मिळून चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवतात असं धरलं तर बॅटरीतून ६२ गेले. तीन चढांना १८६. ३६० च्या बॅटरीत तीन चढ बसतात, चौथाही बसतो. मोटरने तुमच्या दुप्पट जोर लावला तर एका चढाला ८३ जातील, तरी तीन होतीलच. थंडीत बॅटरी थोडी कमी देते, तेवढी शिल्लक ठेवा.

आता मुळांचं. न्यूटन-मीटरच्या आकड्याला पायांच्या गतीने गुणून ९.५५ ने भागलं की वॉट मिळतात. ५० न्यूटन-मीटरची मोटर, पाय मिनिटाला ६० फेरे फिरताहेत: ३१४ वॉट. पाय ४५ वर आले की तीच मोटर २३५ च्या वर जाऊच शकत नाही. बॉश एसएक्सवर कमाल ६०० वॉट लिहिलेलं असतं, पण २०२३ साली ती आली तेव्हा टॉर्क ५५ होता, म्हणजे ते ६०० पाहायला पाय शंभराच्या आसपास फिरवावे लागतात. ८५ न्यूटन-मीटरची मोठी मोटर साठ फेऱ्यांनाच ५३० वॉटपर्यंत जाते, त्यामुळे जड गिअरमध्ये चुकून अडकलात तरी ती ओढून नेते. हलकी मोटर तसं करत नाही. तिला पाय फिरते लागतात. आणि डॉक्टरांनी तुम्हाला नेमकं तेच करायला सांगितलंय, म्हणून हलकी मोटर तुम्हाला मानवेल असं मला मनापासून वाटतं. मुळांच्या २०-२५ मीटर आधीच हलक्या गिअरवर या आणि मिनिटाला ७५-८० फेरे धरा.

रानवाट:

मी वेगळं सांगतो. हलकी घेतली, एक वर्ष चालवली आणि विकली. माझं वजन ९६ किलो. आमच्या गटात सगळ्यांच्या ८५ न्यूटन-मीटरच्या मोटरी. त्यांच्याबरोबर राहायचं म्हणून मी पूर्ण वेळ सर्वात वरच्या मोडवर. बॅटरी सगळ्यांच्या आधी माझी संपायची आणि मग मी धापा टाकत मागे, बाकीचे वर थांबलेले. त्या वर्षात मी गटाबरोबर बाहेर पडणंच कमी केलं होतं, त्याचा मला आजही त्रास होतो. तेव्हा पहिला प्रश्न: तुमच्याबरोबर कोण असतं?

दुसरं, हलकी आणि जड यांतली दरी आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०२० साली स्पेशलाइज्ड कंपनीची लेव्हो एसएल ही हलकी सायकल आली तेव्हा तिची मोटर ३५ न्यूटन-मीटरची आणि बॅटरी ३२० ची होती. २०२४ मध्ये डीजेआयने अविनॉक्स ही मोटर काढली, वजन अडीच किलो आणि टॉर्क १०५. तिच्यावर बांधलेल्या कार्बनच्या सायकली वीस किलोच्या आसपास येतात. हलकी म्हणून घेणार असाल तर तीही एकदा उचलून पाहा.

आणि जिन्याला आणखी एक तोड आहे. बऱ्याच मोठ्या सायकलींची बॅटरी निघते. सव्वासहाशे वॉट-अवरची बॅटरी साडेतीन किलोची असते. आधी बॅटरी पाठपिशवीतून वर नेली की खांद्यावर २० च उरले. काही हलक्या सायकलींत बॅटरी नळीच्या आत पक्की बसवलेली असते, ती रोज काढता येत नाही.

दमसास:

रानवाट, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आभार. आठवड्यातून दोनदा एकटी जाते. महिन्यातून एकदा मैत्रीण असते, ती वर माझ्यासाठी थांबते, आणि तिला थांबायला आवडतं. बॅटरी काढून दोन खेपा करायचं बोलून ठीक वाटतं, पण चार तास सायकल चालवल्यावर जिना दोनदा चढणं या गुडघ्याला नको.

दहाचा पाना:

चौदा वर्षं सायकली दुरुस्त करतोय, त्यातली शेवटची सात बरीचशी मोटरवाल्या. ताई, दुकानात जाल तेव्हा ताणकाटा बरोबर न्या. माहितीपत्रकातलं वजन बहुधा पॅडलशिवायचं असतं, आणि वजन कमी दिसावं म्हणून पातळ बाजूंचे टायर घातलेले असतात. दगडगोट्यांवर ते टायर महिनाभरात फाटतात, मग जाड टायर घातले की दोन्हींचा मिळून अर्धा-पाऊण किलो वाढतो. म्हणून जाड टायर आणि पॅडल धरूनच हिशेब करा.

तुमच्या गुडघ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्रँकची, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याची लांबी. १७० मिलिमीटरचा असेल तर १६० चा बसवून मागा. वर येताना गुडघा तेवढा कमी दुमडतो. शिवाय मोटरच्या सायकलीवर आपण मुळांवरूनही पॅडल मारत जातो, तेव्हा लांब क्रँक मुळांवर आपटतो. हा बदल लोक फार उशिरा करतात.

शॉक, म्हणजे मागचा हवेचा धक्काशोषक, तुमच्या वजनाला लावून घ्या. शॉकचा दांडा ५५ मिलिमीटर चालणारा असेल तर तुम्ही सामानासकट बसल्यावर रबरी रिंग १६ च्या आसपास सरकायला हवी. दुकानात सायकली भारी माणसाच्या हिशेबाने फुगवलेल्या असतात, आणि ६४ किलोच्या माणसाला ती सायकल लाकडासारखी लागते. ब्रेक चार पिस्टनचे आणि पुढची डिस्क २०० मिलिमीटरची असावी. सायकल हलकी असली तरी तुमच्या आताच्यापेक्षा पाच-सहा किलो जास्त आहे आणि उतार तोच आहे.

आता माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं दुखणं. मोटर बिघडली म्हणून माणूस येतो आणि मोटर धडधाकट असते. चार्जिंगच्या खोबणीवर रबराचं झाकण असतं. ते एका कडेने उचललेलं राहतं, बोटाला जाणवतं पण डोळ्याला दिसत नाही. त्यातून चिखलाचं पाणी आत शिरतं, पितळी टोकांवर हिरवा थर धरतो, आणि एक दिवस चार्जर लावला की लाल दिवा. प्रत्येक धुण्याआधी आणि धुतल्यावर ते झाकण अंगठ्याने सगळीकडून दाबायचं. जोराच्या फवाऱ्याने धुवायचं नाहीच, बादली आणि ब्रश पुरे. चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, जाईल. गिअर टाकताना पाय क्षणभर सैल सोडा, कारण मोटर चेन ओढत असते आणि तो कडाड आवाज कॅसेटच्या दातांचा असतो. सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवा, पूर्ण भरून नको.

आणि बॅटरी आत पक्की बसवलेली असेल तर विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा की ती इथेच काढता-घालता येते का, की सायकल कुठे पाठवावी लागते. माझं एक गिऱ्हाईक अशा कामासाठी अडीच महिने सायकलीविना बसलं होतं.

पायवाट:

एक छोटी गोष्ट. सायकल विमानाने न्यायचा विचार असेल तर आताच जाणून घ्या: प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही, आणि १०० ते १६० मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते. बाटलीच्या जागी बसणाऱ्या काही जादा बॅटऱ्या बरोबर १६० च्या असतात, पण मुख्य बॅटरी घरीच राहते.

दमसास:

तीन आठवड्यांनी लिहितेय. दुकानाने दोन सायकली एकेक दिवस चालवायला दिल्या, आणि दोन्ही मी माझ्याच चढावर नेल्या.

पहिली ८५ न्यूटन-मीटरची, पॅडलसकट २२.९ किलो. १६ मिनिटांत वर. मुळांवर तर काही करावंच लागलं नाही, सायकलच चढली. पॅडल थांबवल्यावरही ती क्षणभर ढकलत राहायची, एका अरुंद वळणावर त्यामुळे मी कडेच्या गवतात गेले. घरी आल्यावर जिना. २०व्या पायरीवर टेकवावी लागली, आणि पुन्हा उचलताना डाव्या गुडघ्याने सांगितलं की हे रोज होणार नाही.

दुसरी टीक्यू मोटरची, ५० न्यूटन-मीटर, बॅटरी ३६० ची. जाड टायर आणि पॅडलसकट माझ्या काट्यावर १८.७. मधल्या मोडवर २७ मिनिटं लागली. मोटरचा आवाज इतका कमी की मुरूम टायरखाली चुरडल्याचा ऐकू येत होता, आणि तो मला हवाच होता. मुळांच्या आधी गिअर हलका केला, पाय भरभर फिरवत गेले. मधल्या मोठ्या मुळावर पुढचं चाक चढलं, मागचं अडतंय असं वाटलं, तिथे थांबले असते तर पडलेच असते. पाय थांबवले नाहीत. चाक पकडलं आणि वर आलं. शस्त्रक्रियेनंतर त्या वळणावर उतरले नाही असं पहिल्यांदाच झालं. वर पोचून पाहिलं तर बॅटरी ८२ टक्के. हिशेब मांडणाऱ्या दादांचे ६२ वॉट-अवर जवळजवळ तंतोतंत.

मग पहिल्या वाटेने खाली, पुन्हा वर, दुसरी वाट, पुन्हा वर. तिसऱ्यांदा वर पोचले तेव्हा ४६ टक्के शिल्लक होते. ओढ्याकडची वाट दोन वर्षांत बदललीय. मधला मोठा धोंडा पाण्याने फिरून आडवा झालाय, त्याच्या डाव्या अंगाने नवी चाकोरी पडलीय. मी तिथे थांबून आधी चालत पाहिली, मग सायकलवरून केली. संध्याकाळी गुडघा सुजला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

हीच घेतली. ३६ पायऱ्या मध्ये न टेकवता होतात. क्रँक १६० चा बसवून घेतला. बॅटरी दुकानातच काढता येते, हे समोर करून दाखवायला लावलं. रानवाट, तुमचं म्हणणं मला पटलेलं आहे. माझा गट तुमच्यासारखा असता तर मी पहिलीच घेतली असती आणि तळमजल्याची खोली शोधली असती.

दहाचा पाना, एकच राहिलं. टायर ट्यूबलेस आहेत, २.४ इंची. हवा किती ठेवू? दुकानाने दोन्हींत ३० पीएसआय भरली होती, दगडांवर हात बधिर होतात.

दहाचा पाना:

३० फारच झाली. पुढे २०, मागे २३ पासून सुरू करा. मागचं चाक दगडावर ठक्कन रिमपर्यंत लागलं तर एकेक पीएसआय वाढवा. पुढे मात्र वळणावर टायर कडेला दुमडल्यासारखा वाटेपर्यंत वाढवू नका. आणि नव्या टायरमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, तीन महिन्यांनी उघडून बघा, सुकलेलं असतं.