ओढकामासाठी जुनी फोर-बाय-फोर कोणती घ्यावी? (अनुभव धागा)

मुलं घरात आहेत तोवर ऑस्ट्रेलिया बघून घ्यायचा असं ठरवून आम्ही कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतली. मुक्काम जिलॉंग, व्हिक्टोरिया. प्लेटवर एटीएम (भरलेल्या कॅरॅव्हॅनचं कमाल वजन) २३०० किलो, म्हणजे पाणी, गॅस, भांडीकुंडी, सायकली सगळं धरून कायद्याने तेवढंच. आता ओढायला गाडी हवी आहे आणि नव्या गाडीचं बजेट नाही. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत निघायचंय. शेवटचा टप्पा बहुधा कच्चा, कधी वाळूचा, त्यामुळे फोर-बाय-फोर पक्की.

विकणारे सगळे 'साडेतीन टन ओढते' एवढंच म्हणतात. म्हणून हा धागा. जे नेमाने ओढतात त्यांनी लिहा: काय ओढता, कशाने, आणि जुनी गाडी घेताना काय तपासलंत. देश कुठलाही चालेल. बोट, घोडे, लाकूडफाटा, ओढायची वस्तूही कुठलीही. फक्त 'माझ्या मेहुण्याकडे आहे, मस्त चालते' छापाचे प्रतिसाद नकोत.

पर्थकर

लँड क्रूझर २००, साडेचार लिटरचं व्ही-एट डिझेल, ६५० न्यूटन मीटर टॉर्क. दोन एक्सलची कॅरॅव्हॅन ओढतो. ताकदीबद्दल बोलायला नकोच.

पण साडेतीन टनांचं गणित कुणी सांगत नाही. या गाडीत माणसं-सामान धरून साधारण ६०० किलो भरता येतात. कॅरॅव्हॅनचा टो बॉलवर (गाडीमागच्या जोडाच्या गोळ्यावर) येणारा भार म्हणजे तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तो गाडीच्या पोटात मोजला जातो. साडेतीन टन ओढाल तर ३५० किलो तिथेच संपले. उरलेल्या अडीचशेत नवरा-बायको, दोन मुलं, पुढचं स्टीलचं बुलबार, छतावरचा तंबू आणि फ्रिज बसवा बघू! तुमच्या २३०० ला ही गाडी आरामात पुरेल, पण ओढताना शंभर किलोमीटरला वीसेक लिटर डिझेल जातं, आणि जुनी असूनही किंमत उतरलेली नसते. तुम्हाला एवढी गाडी लागणारच नाही असं माझं मत.

खारे वारे (ब्रिस्बेन)

पजेरो, ३.२ डिझेल. मागे फायबरची बोट. हिची खासियत म्हणजे मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा), त्यामुळे फोर-व्हील डांबरी रस्त्यावरही लावून ठेवता येतं. शेवाळलेल्या बोट रॅम्पवरून भरलेली बोट वर काढताना याचं मोल कळतं. पार्ट-टाइम फोर-व्हीलवाल्या गाड्यांत कोरड्या डांबरावर वळताना ड्राइव्हलाइन (चाकांकडे ताकद नेणारी यंत्रणा) आवळून बसते, तिथे टू-व्हीलवरच राहावं लागतं.

एक बारीक अक्षरातली गोष्ट. हिची क्षमता ३००० किलो लिहिलेली असते, पण २५०० च्या वर गेलात की बॉलवरचा भार १८० किलोच्या पुढे चालत नाही. २५०० च्या आत २५० किलो. तुमची कॅरॅव्हॅन आत बसते, म्हणून माझं मत पजेरोला. हिचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं, पण सुटे भाग मिळतात.

घेताना मात्र आधीच्या मालकाला सरळ विचारा, बोट होती का? हो म्हणाला तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार नको. मागचा एक्सल, ब्रेकचे पाइप, टो बारचे बोल्ट. रॅम्पवर मागची चाकं समुद्राच्या पाण्यात जातात आणि धुवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

पाना-पेचकस (ॲडलेड)

मी गॅरेजमध्ये काम करतो, म्हणून ब्रँडवर बोलत नाही. लोक इंजिन ऐकतात. ओढणाऱ्या गाडीत आधी मरतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चढावर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही किंवा सारखा लॉक-अनलॉक होत राहतो, तेल तापतं आणि करपतं. डिपस्टिक असेल तर तेल पांढऱ्या टिशूवर घ्या. लालसर असेल तर बरं. तपकिरी आणि करपल्याचा वास असेल तर किंमत विचारायचीही गरज नाही. 'या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं कुणी म्हणालं तर कुणाचं आयुष्य ते विचारा. जास्तीचा ऑइल कूलर बसवलेला दिसला तर मालक जाणता होता असं समजावं.

दुसरं म्हणजे आधीचा मालक काय ओढत होता ते गाडीच सांगते. स्टिअरिंगखाली ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकच्या कंट्रोलरची खूण किंवा बुजवलेलं भोक, मागे ट्रेलरच्या वायरींसाठी बारा पिनांचा प्लग, घासून चकचकीत झालेला टो बॉल, मागच्या स्प्रिंगांत बसवलेल्या हवेच्या पिशव्या. आणि विकणारा म्हणतो, 'कधी काही ओढलंच नाही हो.' ओढलं म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण खोटं बोलला तर बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवू नका.

डबल-कॅब यूट (मागे हौदा असलेली पिकअप) बघणार असाल तर जास्त जपून. मागचा हौदा एक्सलच्या बराच मागे लोंबतो. त्यात सामान, खाली बॉलवर भार, आणि बसलेली गाडी उचलायला पाट्यांच्या वर हवेच्या पिशव्या. मग चासीवर सगळा जोर एकाच जागी येतो आणि कॅब-हौद्याच्या मधे ती वाकते. बाजूने उभं राहून कॅब आणि हौद्यामधली फट बघा. वर रुंद, खाली अरुंद किंवा उलट दिसली की निघा.

लो-रेंज (फोर-बाय-फोरचा जास्त जोराचा, कमी वेगाचा गिअर) लावूनच बघा, तेही मातीवर. कित्येक गाड्यांत तो दांडा वर्षानुवर्षं हललेलाच नसतो.

अश्विनी_हॅमिल्टन (न्यूझीलंड)

मी घोड्यांचा ट्रेलर ओढते, दोन घोडे धरून दोन टनांच्या आत-बाहेर. घोडा उभ्या उभ्या भार बदलतो, वळणावर एका पायावर रेलतो. अशा वेळी गाडीचं वजन आणि दोन एक्सलमधलं अंतर कामाला येतं. आखूड, उंच गाडीला मागचा ट्रेलर झुलवतो. म्हणून तीन दारांच्या गाड्या मी पाहिल्याच नाहीत आणि लांब व्हीलबेसची जुनी प्राडो डिझेल घेतली. इथे ट्रेलर लावल्यावर मर्यादा ताशी ९० किलोमीटर, त्यामुळे वेगाची हौस आपोआप फिटते.

तीन लिटरच्या डिझेल प्राडोत टायमिंग बेल्ट आहे, दीड लाख किलोमीटरला बदलायचा. बदलल्याची पावती मागा, 'बदललाय' हे तोंडी उत्तर नको. इंजेक्टरच्या सीलचं काम झालंय का तेही विचारा. न्यूझीलंडवाल्यांनो, डिझेलवर किलोमीटरमागे रस्ता शुल्क असतं. ते कुठल्या आकड्यापर्यंत भरलंय आणि ओडोमीटर कुठे आहे, दोन्ही ताडून बघा.

पुळणीवरचो

मी मालवणचा. आमच्याकडे कॅरॅव्हॅन वगैरे नाय, जेट-स्की आणि छोटी होडी ट्रेलरवरून पुळणीवर न्यायची-आणायची. मोठ्या होड्यांना ट्रॅक्टरच लागतो, तिथे कुठल्याही जीपचं काम नाही. मला जुनी सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनची) थार हवी होती. कोकणातली गाडी घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं, कारण खारी हवा आणि पाऊस चासी आतून खातात, वरून काळा रंग मारला की कळतही नाही.

दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, तेव्हापासून तिथल्या गाड्या स्वस्तात निघतात. चासी स्वच्छ, गंज नाही. पण कागदांचं बघा भाऊ. तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, मग एमएच-०७ नंबर. हे सगळं धरून किंमत ठरवा, नाहीतर स्वस्ताई मालवणात पोचेपर्यंत संपते. माझा मेकॅनिक सोबत रेल्वेने नेला होता, त्याचं तिकीट हा त्या व्यवहारातला सगळ्यात कामाचा खर्च.

वाळूत टायरची हवा कमी करायची हे सगळे सांगतात. परत डांबरावर आल्यावर ट्रेलर लावलेला असताना ती भरायची, हे कुणी सांगत नाही.

मुंबईचा_मेलबर्नात

व्हिक्टोरियात विकणाऱ्याने रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला) द्यायचं असतं. ते ब्रेक, दिवे, टायर, सस्पेन्शन बघतं. गिअरबॉक्सची तब्येत सांगत नाही. त्यामुळे वेगळा मेकॅनिक हवाच. शिवाय पीपीएसआर (सरकारी तारण-नोंदवही) तपासणी दोन डॉलरची आहे, गाडीवर कर्ज आहे का, चोरीची किंवा राइट-ऑफ (विमा कंपनीने मोडीत काढलेली) झालेली आहे का ते कळतं. दोन डॉलरसाठी कंजुषी करणारी माणसं मी पाहिली आहेत, एरवी तीच माणसं एका कॉफीवर सहा डॉलर घालवतात.

२००० किलोच्या वर कॅरॅव्हॅनला ब्रेकअवे लागतो, म्हणजे जोड सुटला तर तिचे ब्रेक आपोआप लागायला हवेत. त्या ब्रेकअवेची बॅटरीही तपासून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पर्थकरांचं गणित कागदावर मांडलं. आमच्या २३०० वर बॉलचा भार २३० धरून, चौघं आणि सामान टाकून पजेरो आणि प्राडो (१५० मॉडेल) दोन्ही बसतात, यूट यादीतून काढल्या. या शनिवारी बॅलरॅटला एक पजेरो बघायला जातोय. जाहिरातीत 'नेव्हर टोड' (कधी काही ओढलेलं नाही) लिहिलंय आणि फोटोत मागे बारा पिनांचा प्लग दिसतोय.

पाना-पेचकस (ॲडलेड)

टिशू घेऊन जा. आणि इंजिन गार असताना पोचा, विकणाऱ्याला ते आधी गरम करून ठेवू देऊ नका.