शब्दचर्चा: गेन, पातळी, शक्ती आणि कॅलिब्रेशन

भाषांतरकार:
सॉफ्टवेअर रेडिओवरची (संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या रेडिओवरची) एक पुस्तिका मराठीत आणतेय. ‘गेन’ला, म्हणजे सिग्नल किती पटींनी वाढतो त्याला, काय लिहू? ‘लाभ’ लिहिलं की शेअरबाजार आठवतो. ‘विवर्धन’ चालेल? आणि कॅलिब्रेशनला (यंत्राचे आकडे खऱ्या मापाशी जुळवण्याला) अंशांकन की अंशशोधन? शिवाय ‘गेन ४० ठेवा’ म्हणजे ४० काय, हे लेखकाने कुठेच सांगितलेलं नाही.

जुना हॅम:
४० डेसिबल, म्हणजे शक्ती दहा हजार पट. निदान कागदावर तरी. आरटीएल-एसडीआरच्या डोंगलमध्ये (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरमध्ये) आर८२०टी ट्यूनर चिप असेल तर गेनच्या ० ते ४९.६ अशा २९ पायऱ्या मिळतात. पण २९.७ वरून ४०.२ वर गेलात की पडद्यावरची रेघ बरोबर साडेदहा डेसिबल चढेलच, असं नाही. पायरीचे आकडे अंदाजे असतात आणि फ्रिक्वेन्सीनुसार सरकतात. हॅकआरएफ या दुसऱ्या सॉफ्टवेअर रेडिओवर तर एकच गेन नसतोच. एलएनए (सुरुवातीचा कमी खरखरीचा अ‍ॅम्प्लिफायर) ८-८ डेसिबलने ४० पर्यंत आणि व्हीजीए (पुढचा, गेन बदलता येणारा अ‍ॅम्प्लिफायर) २-२ ने ६२ पर्यंत, वेगवेगळे लावायचे.

‘विवर्धन’ मात्र नको. अँटेनालाही गेन असतो आणि अँटेना काहीच वाढवत नाही, फक्त एका दिशेचं जास्त गोळा करते. तिथे विवर्धन लिहिलं की अर्थच चुकला. सरळ ‘गेन’ लिहा, वाचणारे तेच बोलतात.

खरखर:
गेनपेक्षा ‘पॉवर’ने जास्त घोळ घातलाय. पडद्यावर दिसणारे उणे ३२ हे डीबीएफएस असतात. एडीसीची (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाची) कमाल मर्यादा म्हणजे शून्य, तिथून आपण किती खाली आहोत ते. डीबीएममध्ये शून्य म्हणजे १ मिलिवॅट. गेन वाढवला की पहिला आकडा चढतो, दुसरा जागचा हलत नाही. तरी लोक बिनदिक्कत लिहितात, ‘गेन वाढवल्यावर स्टेशनची पॉवर वाढली.’ अहो, त्या स्टेशनला तुमच्या डोंगलची खबरही नाही! डीबीएफएसला ‘पातळी’ आणि डीबीएमला ‘शक्ती’ असे दोन शब्द धरून ठेवा, निम्मा गोंधळ मिटेल.

भाषांतरकार:
पातळी-शक्ती पटलं. मग उणे ३२ वरून डीबीएम काढायचे कसे?

जुना हॅम:
तेच तर कॅलिब्रेशन. एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद करा. सिग्नल जनरेटरमधून, समजा, उणे ६० डीबीएम सोडा. गेन २९.७ ला पातळी उणे ३२ आली, तर फरक (शक्ती वजा पातळी) उणे २८. पुढे त्या गेनला दिसणाऱ्या प्रत्येक पातळीत उणे २८ मिळवलं की शक्ती. गेनची पायरी, फ्रिक्वेन्सी किंवा मधली केबल बदलली की हा आकडा बाद, पुन्हा मोजा.

खोडदच्या जीएमआरटीत (महाकाय रेडिओ दुर्बिणीत) हेच काम आकाशाकडून करून घेतात: ३सी ४८, ३सी २८६ अशा माहितीतल्या तीव्रतेच्या आकाशातल्या रेडिओ स्रोताकडे दुर्बीण वळवायची आणि त्यावरून बाकीचे आकडे बसवायचे.

माझं मत अंशशोधनाला. अंशांकन म्हणजे थर्मामीटरवर रेघा ओढणं; इथे रेघा आधीच आहेत, त्या खऱ्याशी जुळवून घ्यायच्यात.

खरखर:
एक पुरवणी. ही बेरीज एकट्या वाहक लहरीला (एकाच फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलला) चालते. तळाची खरखर (नॉइज फ्लोअर) मोजताना एफएफटीचे (सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार खणांत वाटणाऱ्या गणिताचे) बिंदू दुप्पट केले की तळ ३ डेसिबल खाली जातो, कारण प्रत्येक खण अरुंद होतो. म्हणून ‘नॉइज फ्लोअर उणे अमुक’ असं वाक्य आलं तर बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा मोजला ते) विचारल्याशिवाय भाषांतर करू नका.

भाषांतरकार:
शेवटचा प्रश्न. मुळात वाक्य आहे, ‘उत्तम रिसेप्शनसाठी गेन कमाल ठेवा.’ जसंच्या तसं घेऊ?

जुना हॅम:
मुंबई-पुण्यात राहणाऱ्यासाठी तरी नको. डोंगलचा एडीसी ८ बिटांचा, झेप (सर्वांत लहान ते सर्वांत मोठ्या सिग्नलमधलं अंतर) जेमतेम ५० डेसिबलची. शेजारी एफएमचा मनोरा असेल तर कमाल गेनवर नसलेली स्टेशनं उगवतात. अँटेना लावल्यावर तळाची खरखर स्पष्ट चढली, की तिथेच थांबा. पुढे सिग्नल आणि खरखर बरोबरीने वाढतात, हाती काही लागत नाही.

संशय असेल तर अँटेना आणि डोंगलमध्ये १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) घाला. खरं स्टेशन १० ने उतरेल. ३० च्या आसपास कोसळलं, तर ते तुमच्याच डोंगलमध्ये जन्मलेलं आहे. ही तळटीप पुस्तिकेत टाका, मूळ लेखकाची हरकत नसेल तर.