डिमेन्शियासाठी निधी जमवायला मॅरेथॉन धावतेय. आईबद्दल किती सांगावं?

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनला पूर्ण 42.195 किमी धावायचं ठरवलंय. हाफ आधी झाल्यात, फुल पहिलीच. ठाण्यात डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसाठी दिवसभराचं केंद्र चालवणारी एक छोटी संस्था आहे, तिच्यासाठी पैसे जमवायचेत. माझी आई तिथे जाते. तिथल्या ताई तिच्यापुढे मटारच्या शेंगा ठेवतात, ती तासभर मन लावून सोलत बसते. तेवढ्यात माझी बँकेची, औषधांची कामं होतात. अशी जागा बंद पडता कामा नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

धावण्याची तशी काळजी नाही. येऊरचा चढ अंगवळणी पडलाय, मॅरेथॉनच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढही निघेल. अडलंय ते निधीच्या पानावर काय लिहायचं इथे.

संस्थेतले म्हणतात, आईचा फोटो टाक, तिची हकिकत लिही, लोक त्याशिवाय देत नाहीत. खरं असेल. पण माझी आई जन्मभर शाळेत शिकवत होती. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्यांनाही तिने पत्ता लागू दिला नव्हता. आता संध्याकाळ झाली की ती जुन्या साडीच्या तुकड्यात दोन ब्लाउज, टीव्हीचा रिमोट आणि चष्म्याचं रिकामं घर बांधते आणि दारात उभी राहून म्हणते, "चला, मला घरी सोडा." इथे टोपणनावाने लिहितेय म्हणून एवढं तरी सांगितलं. नातेवाइकांच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर हे टाकायला ती आज हो किंवा नाही म्हणू शकत नाही. पूर्वीची आई नक्की नाहीच म्हणाली असती.

आणि काहीच सांगितलं नाही, तर ज्या लाजेपायी घरोघरी हा आजार दडवला जातो, तिलाच मी हातभार लावल्यासारखं होईल. 2023 च्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. आमच्या एवढ्या मोठ्या सोसायटीत मात्र कोणी कधी बोललेलं ऐकलं नाही. "वय झालं की विसरायला होतंच" म्हणून विषय संपतो.

घरच्या माणसाच्या आजारासाठी कोणी असा निधी जमवलाय का? नाव, फोटो दिलात का? नंतर घरात त्यावरून काही झालं का?

आणखी दोन अडचणी. दादा न्यू जर्सीत असतो, आता तिकडचा नागरिक आहे. त्याचे मित्र पैसे द्यायला तयार आहेत, ते घेता येतील का? आणि रविवारच्या लाँग रनला पहाटे चारला निघावं लागतं. ब्यूरोतून दर वेळी नव्या मावशी येतात, अनोळखी चेहरा पाहून आई घाबरते. तुम्ही काय करता?

प्रतिसाद:

ताई, माझ्या वडिलांना अल्झायमर होता. त्यांच्यासाठी मीही निधी जमवला होता. त्यांच्याबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या, बाकी सगळं सांभाळणाऱ्याच्या दिवसाबद्दल. रात्रीची जागरणं, दाराला वरची कडी, हे तुमचं स्वतःचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. जे आईंसमोर मोठ्याने वाचू शकाल तेवढंच त्यांच्याबद्दल लिहा. फोटो द्यायचाच तर शाळेतला, साडी-पर्स घेतलेला द्या. आणि पैसे कशाला लागतात ते स्पष्ट सांगा: केंद्राचं भाडं, ने-आण करणारी गाडी, ताईंचे पगार. माझ्याकडे लोकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दलच विचारले.

दादांचं: परदेशी नागरिकाची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, परकीय धरली जाते. संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असेल तरच घेता येते. भारतीय पासपोर्ट असलेले मित्र स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतात. संस्थेला आधी विचारा, नंतर परत पाठवायची वेळ नको. देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी 80-जीची पावतीही विचारून ठेवा, मात्र नव्या करप्रणालीत ती सूट मिळत नाही.

मावशींचं: एकच बाई ठरवा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आधी काही दिवस दुपारी चहाला बोलवा, तुम्ही घरात असताना. केंद्रातल्याच एखाद्या ताई रविवारी येत असतील तर सर्वांत उत्तम, चेहरा ओळखीचा असतो.